कौसाबाईची हळद

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ तर नाहीच — तिच्या नजरेतून उतरायची हिंमत माझ्यात नाही. तुमच्याजवळ का बोलतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

माझं काम गावोगाव फिरायचं. लहान शेतकऱ्यांसाठी योजना राबवून झाली की तिचा खरंच कुणाला फायदा झाला का, ते बघून कळवायचं. आम्ही बौद्ध. पण आडनाव गावावरून पडलेलं, त्यावरून काही कळत नाही. लोक आपल्या सोयीनं समजतात — मी समजू देतो. त्यात खोटं काय, असं स्वतःला विचारत आलो.

वसमतजवळच्या एका गावात गटाला हळद शिजवायचा कुकर मिळाला होता. सगळ्यांनी पाळीनं वापरायचा. तो उभा असायचा गटाच्या अध्यक्षांच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरी. माणूस मोठा अगत्याचा. जेवू घातलं, वर कौतुकानं म्हणाले, "साहेब आपल्यातलेच दिसतात." मी हसलो. हसण्याला कुठं जात असते?

जेवून आम्ही कुकरपाशी उभे होतो, तेवढ्यात कौसाबाई आली. गटातलीच. तिचं माहेर आमच्या वस्तीतलं, माझ्या आईची ती लहानपणची मैत्रीण. मला बघून तिचा चेहरा असा फुलला — काय सांगू तुम्हाला!

"जयभीम, लेकरा! तू सुमनचा ना?"

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं, बरं का. कुणी दरडावलं नाही, कुणी गचांडी धरली नाही. आणि मी म्हणालो, "नमस्कार. तुमची काहीतरी चूक होतेय, बाई."

तिनं पिवळे हात पदराला पुसले. कुकरची काही अडचण आहे का, मी विचारलं. साहेबासारखं विचारलं.

"न्हाई, साहेब. समदं बराबर हाय." आणि ती गेली.

परतताना तिचं वावर लागलं. काढलेल्या हळदीचा ढीग पोत्यांखाली पडून होता, कुबट वास रस्त्यापर्यंत येत होता. कुकरची पाळी आलीच नव्हती तिची. ती एकटीच बसून सडके कंद बाजूला काढत होती. मी गाडी थांबवायला सांगितलं नाही. वर्षभराचं तिचं पीक डोळ्यांदेखत नासत होतं — आणि मी कळवलं, कुकर सगळ्यांना मिळतो. तिचं नाव काढायचीच भीती वाटली मला.

पुढं घरी गेलो तर आई म्हणाली, "कौसा भेटली व्हती. त्यांच्या गावात एक साहेब आला व्हता म्हणे, हुबेहूब तुझ्यावानी. म्या म्हनलं, माझं पोरगं असतं तर तुला भेटल्याबिगर गेलं असतं व्हय?"

मी भाकरी मोडत होतो. "असेल कुणी," म्हणालो. कौसाबाईनं मला झाकून घेतलं होतं, आणि मी तसाच झाकलेला राहिलो.

आई गेली तेव्हा सगळी वस्ती जमली. जो तो जवळ येऊन जयभीम करत होता, पाठीवर हात ठेवत होता. कौसाबाईही आली. आईच्या पायांवर डोकं ठेवून खूप रडली. उठताना मी समोरच होतो. तिनं लांबूनच हात जोडले.

"नमस्कार, साहेब."