सशाचा पोळा

स्वतःच्या जिभेचे लाड करणारी माणसं मी उदंड पाहिली आहेत, आणि खरं सांगायचं तर मीही त्यांतलाच एक आहे. पण जनावराच्या जिभेला काय रुचेल या विचारात सारा जन्म घालवलेला माणूस मला एकच भेटला, आणि तो म्हणजे आमच्या हिचे मामा. काष्टीच्या बाजारात पेंडीच्या दुकानासमोर एखादा उंच म्हातारा डोळे मिटून शांतपणे काहीतरी चघळत उभा दिसला, तर ते मामाच समजावेत. सरकीची पेंड असो, गव्हाचा भुसा असो की मक्याचा भरडा, मामा आधी चिमूटभर आपल्या तोंडात टाकणार, या गालातून त्या गालात फिरवणार आणि मग निकाल देणार. ते "कुबट हाय" म्हणाले की दुकानदार मुकाट्याने दुसऱ्या पोत्याचं तोंड सोडतो. लग्नानंतर मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो तेव्हा त्यांनी पेंडीचा एक तुकडा माझ्याही पुढे केला होता. नवा जावई, नाही कसं म्हणणार? मी खाल्ला. चव तशी वाईट नव्हती, हे मी अजून बायकोलाही सांगितलेलं नाही.

घोडेगावच्या बाजारात म्हैस घ्यायला निघालेले लोक मामांना हटकून सोबत नेत. बाकीचे जाणकार कास बघतात, दात बघतात; मामा खिशातून वाळल्या गवताची चिमूट काढून म्हशीपुढे धरत आणि ती कशी खाते तेवढंच बघत. माणसांनाही ते हाच नियम लावतात. भाचीसाठी मला पसंत करताना त्यांनी नोकरीची चौकशीच केली नाही, मी पोहे कसे खातो ते पाहिलं, असं हिचं म्हणणं आहे. मामींचं दुःख मात्र वेगळं. "म्हशीला काय आवडतं ते समदं ठावं हाय यांना. मला काय आवडतं, इचारा बरं," असं त्या मला एकदा म्हणाल्या. मी विचारलं. मामांनी बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, "ही व्हय? ही समदं खाती." त्यांच्या मते ही मोठी स्तुती होती.

अशा माणसाचा गोठा रिकामा व्हावा, हे काही बरं झालं नाही. मामांचे गुडघे गेले, शेतात ट्रॅक्टर आला, म्हशी आधीच विकल्या होत्या, आणि शेवटी सर्जा-राजाची बैलजोडीही एका बाजारात द्यावी लागली. सकाळी दावणीला दोन बैल होते, संध्याकाळी नुसती दावी. "एकदम तुटलं बघा," एवढंच मामा म्हणाले. पुढे कितीतरी दिवस ते ताटावर बसत आणि दोन घास खाऊन उठत. रोज सकाळी गोठा मात्र झाडत, रिकामा गोठा. मला ते बघवत नसे.

आणि मग त्या गोठ्यात ससा आला. मामांची मुलगी पुण्याला असते. तिच्या नवऱ्याची वर्षभरासाठी बंगळूरला बदली झाली आणि तिथल्या घरमालकाला प्राणी चालेनात. तेव्हा नात गौरी लाल झालेल्या डोळ्यांनी एक पांढरा ससा आणि गिनीपिगची एक जोडी घेऊन काष्टीला आली. "आबा, नीट सांभाळाल ना?" असं तिने विचारलं, तेव्हा मामांनी नुसता छातीवर हात ठेवला. सशाचं नाव तिने स्नोई ठेवलं होतं. ते मामांच्या तोंडात बसेना, म्हणून तिची गाडी वळणाआड जाताच त्याचा सर्जा झाला, आणि गिनीपिगांची बारकी जोडी. मामांनी गव्हाणीला जाळी ठोकून दोन्हीकडची बिऱ्हाडं वेगळी केली. बघायला गाव लोटलं. हे बिनशेपटीचे उंदीर पाळून करायचं काय, असं कोणी विचारलं की मामा त्याला शेजारी बसवत आणि जोडी खाताना दाखवत.

गौरीने सोबत रंगीबेरंगी खाद्याचं पुडकं दिलं होतं: हिरव्या गोळ्या, पिवळे फुललेले दाणे, लाल तुकडे, कसल्याशा बिया. मामांनी अर्थातच चव घेतली आणि हा तर चिवडा आहे, असं जाहीर केलं. सर्जाही तो चिवड्यासारखाच खाई, म्हणजे आवडीचं पिवळं तेवढं वेचायचा आणि हिरव्या गोळ्या तशाच ठेवायचा. मामांना ते पसंत पडेना. ते मला घेऊन नगरला पाळीव प्राण्यांच्या दुकानात गेले आणि एकेक पुडकं फोडून मागू लागले. सगळं पुडक्यावर छापलेलं आहे, असं दुकानदार सांगत होता. "छापलेलं तुमी वाचा, मी दाना खातो," असं म्हणून मामांनी सशाच्या खाद्याची एक गोळी तोंडात टाकली आणि डोळे मिटले. बाकीची गिऱ्हाइकं थांबून बघू लागली. मी पोपटांच्या पिंजऱ्याकडे तोंड करून उभा राहिलो. अखेर एक पुडकं पास झालं, आणि तेच बारक्या जोडीलाही चालेल हे मामांनी परस्पर ठरवलं. गाय आणि म्हैस एका पेंडीवर राहतात, मग यांना काय धाड भरली? शिवाय लसूणघास होताच. घास म्हणजे मामांच्या लेखी अमृत, कारण त्याने दूध वाढतं. "सशाचं दूध काडायचंय का?" असं मामींनी विचारलं. घास मात्र रोज येत राहिला.

असं सगळं झकास चाललं असताना पोळा आला. आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्याला हळद-तूप चोळायचं आणि त्यांना आवतण द्यायचं, ही आमच्याकडची रीत: आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. जोडी विकल्यापासून मामा त्या संध्याकाळी भिंतीकडे तोंड करून पडून राहत. त्या वर्षी मात्र ते वाटी घेऊन गोठ्यात गेले, सशाच्या दोन बोटांएवढ्या खांद्याला हळद-तूप लावलं आणि त्याच्या लांब कानात आवतण दिलं. दुसऱ्या दिवशी सर्जाच्या गळ्यात झेंडूचं फूल होतं आणि पुढ्यात तुपात भिजलेली पुरणपोळी. पाहुणा नको म्हणेना, तसे मामा तुकडे मोडत गेले. तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते, असं मामी सांगतात.

तिसऱ्या दिवशी मला फोन आला. "जावईबापू, सर्जा खाईना झालाय." मामांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मी तसाच निघालो. ससा कोपऱ्यात अंग चोरून बसला होता, त्याच्या लेंड्या बंद झाल्या होत्या, आणि समोर मामा उकिडवे बसलेले, तेही उपाशी. गौरीला काय तोंड दाखवू, एवढंच ते म्हणत होते. टोपलीत घालून आम्ही त्याला श्रीगोंद्याला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. काय काय खायला घालता, असं त्यांनी विचारलं. मामांनी घासापासून सुरुवात केली तेव्हा आवाज खणखणीत होता. पुरणपोळीपर्यंत येता येता तो ऐकू येईनासा झाला. बाई हसल्या नाहीत, हे त्यांचे माझ्यावर उपकार आहेत. त्यांनी नीट समजावलं: सशाचं पोट वाळल्या गवतावर चालतं, ते दिवसभर पुढ्यात हवं. गोळ्या अगदी थोड्या, आणि सगळ्या एकसारख्या, म्हणजे वेचून खायची सोय राहत नाही. घास पिल्लांना ठीक, मोठ्या सशाला रोज नको. गिनीपिगांना सशाच्या गोळ्या पुरत नाहीत, त्यांना क जीवनसत्त्व घातलेल्या त्यांच्या वेगळ्या गोळ्या लागतात. "आणि आजोबा, खाणं बदलताना जुन्यात नवं थोडं थोडं मिसळत जा. एकदम काही तोडायचं नाही," असं त्या म्हणाल्या. मामांनी वर बघितलं आणि लहान मुलासारखी मान हलवली.

बाईंनी सुई टोचली आणि सशासाठी गवताची पूड दिली. ती पाण्यात कालवून पिचकारीने भरवायची होती. मामांनी ती भरवली, आणि प्रत्येक वेळी आधी स्वतः चाखली, हे वेगळं सांगायला नको. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. पलीकडे मामी होत्या. "लेंड्या टाकल्या सर्जानं. हे पेढे आनायला निघाल्यात," त्या म्हणाल्या. मला इतका आनंद झाला की मी तो ऑफिसात सगळ्यांना सांगून टाकला, आणि मग उरलेली दुपार कसला आनंद ते समजावण्यात गेली.

त्यानंतर मामा गवताच्या मागे लागले. बांधावरचं कोवळं गवत कापायचं, गच्चीवर सावलीत पसरायचं, हिरवेपणा राहील असं वाळवायचं, दिवसातून कितीदा तरी हुंगायचं. सर्जाच्या गोळ्यांचा डबा वेगळा, बारक्या जोडीचा वेगळा. जोडीला वरून ढोबळ्या मिरचीचा तुकडा; मामांच्या चपला वाजल्या की ती दोघं शिट्ट्या मारायला लागत. ज्याचं खाणं त्यालाच, हे मामांच्या डोक्यात इतकं भिनलं की एकदा बाजारातून येताना त्यांनी मामींच्या हातात चुरमुऱ्यांच्या भत्त्याचा पुडा ठेवला. "हिला भत्ता आवडतो. बघितलं मी," असं ते मला चोरून म्हणाले. मामी दिवसभर नुसत्या हसत होत्या.

वर्ष संपलं आणि गौरी न्यायला आली. मामांनी डबे भरून ठेवले होते, शेजारी गवताचं पोतं. तिला ते एवढंच म्हणाले, "पुन्याचं गवत एकदम घालू नगंस. ह्यातलं जास्त, त्यातलं वाईच. मग ह्यातलं कमी करत जा. एकदम तोडायचं न्हाई." गौरीने आजोबांकडे पाहिलं, रिकाम्या गव्हाणीकडे पाहिलं आणि हो म्हणाली. गाडी गेली. मामांनी झाडू घेतला आणि ते रिकामा गोठा झाडू लागले.

पण महिन्याभरात गौरी गाडीतूनच हाका मारत पुन्हा हजर. गवत संपलं, आणि स्नोई दुसऱ्या गवताला तोंड लावत नाही, अशी तिची तक्रार होती. तेव्हापासून ती अशीच येते, सशाला आणि बारक्या जोडीला घेऊन येते, आणि गवताचं पोतं भरून नेते. मी एकदा तिला बाजूला घेऊन म्हटलं, की डॉक्टरीणबाईंना विचारू या का, सशाचा एवढा हट्ट बरा नव्हे. ती हळूच म्हणाली, "काका, तो सगळं गवत खातो. आबांना सांगू नका." मी सांगितलेलं नाही. मामा आता थकले आहेत, जिना चढताना दोनदा थांबतात. पण पोळा जवळ आला आहे, गौरी यायची आहे, आणि गच्चीवर गवत वाळतं आहे. मधूनच मामा त्यातली एक काडी उचलून तोंडात टाकतात आणि डोळे मिटून उभे राहतात.