भिलाईचे ब्रास केटल्स

दुकानदाराकडे दोन गोष्टी आपोआप साठतात: न खपलेला माल आणि लोकांचे किस्से. माल निदान दिवाळीत अर्ध्या किमतीत काढता येतो. किस्से कोणी फुकटसुद्धा नेत नाही, उलट आणखी दोन ठेवून जातो. माझं सिविक सेंटरमधलं दुकान पहिल्यापासून गाण्याबजावण्याचं. आधी ग्रामोफोनच्या प्लेटा, मग कॅसेटी, मग सीडी, आणि आता मोबाइलची कव्हरं. ज्या वस्तूचा जमाना संपतो, तिचं शेवटचं गिऱ्हाईक माझ्याकडे येऊन स्टुलावर बसतं आणि बोलत राहतं.

असे बसणारे दोघं. भोयर आणि लांजेवार. भोयर स्टील प्लांटमध्ये ब्लास्ट फर्नेसला, म्हणजे लोखंडाच्या भट्टीवर होते, लांजेवार रेल्वेत गार्ड, दुर्ग लाइनवर. दोघंही आता रिटायर. आणि दोघंही अशा एका इंग्लिश बँडचे भक्त, ज्याचं नाव खुद्द इंग्लंडात चार लोकांना तरी माहीत असेल का, याची मला शंका आहे.

द ब्रास केटल्स. साठच्या दशकातली चार पोरं. त्यांनी एक प्लेट काढली, ती खपली नाही, मग आपसात भांडले आणि आपापल्या घरी गेले. गंमत पुढे झाली. जे जे नंतर मोठे झाले, ते मुलाखतीत सांगू लागले की आम्ही केटल्सना ऐकूनच शिकलो. मी व्यापारी माणूस, माझा साधा सवाल आहे. इतके सगळे ऐकून शिकले आणि विकत कोणीच घेतली नाही, तर ऐकली कोणाच्या घरी बसून?

*

एकानं मात्र विकत घेतली होती, आणि माझ्याकडूनच. टाउनशिप सोडून जाणाऱ्या एका साहेबाचं सामान मी एकगठ्ठा उचललं होतं. त्यात भजनांच्या प्लेटांमध्ये ही एक निघाली. कव्हरवर भट्टी आणि भट्टीवर पितळी किटली. भोयर तेव्हा नुकतेच फर्नेसला लागलेले. भट्टी पाहून म्हणाले, "हे तर आपल्याच डिपार्टमेंटचं दिसते. कोण आहेत हे?"

मला काय माहीत! पण गल्ल्यावर बसून 'माहीत नाही' म्हणायचं नसतं. म्हटलं, "फार मोठी माणसं आहेत. जाणकार लोक नाव घेतात."

पुढे कित्येक वर्षांनी पेपरात हेच वाक्य छापून आलं, खाली एका मोठ्या समीक्षकाचं नाव. मी प्लेट न ऐकता बोललो होतो. त्याचं मला माहीत नाही.

*

भोयरांनी जुनी गिटार मिळवली आणि प्लेटच्या दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं बसवायला घेतलं. सगळं बसलं, एक जागा सोडून. मधल्या कडव्यात गाणं छान चाललेलं असतं आणि अचानक उडी मारतं. गाणारा शब्द अर्ध्यात सोडतो आणि थेट पुढच्या ओळीत निघतो. ताल कुठे गेला, काही कळत नाही. भोयर शिफ्टवरून यायचे, जेवायच्या आधी प्लेट लावायचे, ती जागा यायची आणि ते हरायचे.

तिढा सोडवला लांजेवारांनी. ते तेव्हा तेलाचा रिकामा डबा वाजवायचे, ड्रम पुढे आला. एक दिवस ऐकता ऐकता म्हणाले, "काय बे भोयर, हे तर सोपं आहे. गाडी सरळ लाइनवर असते तवा चाकं कशी वाजते? धडधड, धडधड. अन् पॉइंटवर आली का मधातच एक धक्का खाते अन् दुसऱ्या लाइनवर लागते. तू मोजून राहिला, म्हणून चुकून राहिला. माझ्या गार्डाच्या डब्यात उभा आहे समज अन् पायानं घे."

भोयरांनी पायानं घेतलं आणि जागा बसली.

त्या दिवसापासून त्यांच्या बोलण्यात तत्त्वज्ञान शिरलं. "पुरा शब्द तर कोणीबी गाते," ते म्हणायचे. "अर्ध्यात सोडून पुढं जाणं, याले हिंमत लागते. ती या केटल्समध्ये होती."

"हिंमत कायची?" लांजेवार म्हणायचे. "पॉइंटवाल्यानं लाइन देली, गाडी गेली."

*

केटल्सचं नाव पेपरात आल्यावर आमच्याकडेही त्यांचे शिष्य उगवू लागले. स्मृतिनगरला गिटारचा क्लास चालवणारे एक मास्तर होते, केस खांद्यापर्यंत. माझ्याकडे तारा घ्यायला आले तेव्हा भोयर बसलेले. मास्तर सहज बोलून गेले, "मेरी पूरी स्टाइल में केटल्सचा प्रभाव आहे."

भोयरांचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांत पहिला भाऊबंद भेटला होता. "कोणतं गाणं जास्त आवडते तुमाले?"

"सगळीच."

"तरी पण?"

"काका, प्रभाव म्हणजे अंदरची चीज आहे," मास्तर तारांची पुडी खिशात घालत म्हणाले. "त्याला गाणं ऐकावं लागत नाही."

*

भोयरांची इच्छा एकच होती. आयुष्यात एकदा ते गाणं स्टेजवर, आपल्या लोकांसमोर वाजवायचं. आपले लोक म्हणजे इथलं मराठी मंडळ, आणि स्टेज म्हणजे मंडळाचा गणपती. अध्यक्ष निमजेसाहेब, प्लांटच्या पर्सोनेल डिपार्टमेंटमधून रिटायर झालेले. नोकरीत कोणाला सरळ 'नाही' म्हणायचं नाही आणि 'हो' तर मुळीच म्हणायचं नाही, हे त्यांनी तिथंच शिकून घेतलं होतं. दरवर्षी भोयर अर्ज घेऊन जायचे आणि दरवर्षी त्यांच्या वेळेत दुसरंच काही व्हायचं. एका वर्षी पाककला स्पर्धा, एका वर्षी मधुमेहावर व्याख्यान. व्याख्यानानंतर त्याही वर्षीच्या पाककलेची बक्षिसं, त्यात पहिलं बक्षीस बासुंदीला.

शेवटी एकदा निमजे म्हणाले, "भोयर, गाणं चांगलंच असेल हो. पण गणपतीसमोर इंग्रजी कशाला?"

भोयर म्हणाले, "साहेब, चौदा विद्या येते त्याले. इंग्रजी येत नसन काय?"

निमजेंनी हा मुद्दा पुढच्या मीटिंगमध्ये घेतो असं सांगितलं.

मग एका वर्षी त्यांचे जावई बंगलोरहून आले आणि जेवताना बोलले की केटल्स म्हणजे काय चीज आहे, जगात त्यांना किती मानतात. दुसऱ्या दिवशी सकाळी निमजे स्वतः माझ्या दुकानात हजर. भोयरांना म्हणाले, "अहो, इतकी मोठी गोष्ट, अन् तुमी कधी बोलले नाही मले?"

*

कार्यक्रमाला भोयर गिटारवर, लांजेवार ड्रमवर. गाण्यापेक्षा निमजेंचं प्रास्ताविक लांबलं. "केटल्स नसते तर आजचं संगीत नसतं," असं ते म्हणाले, टाळ्या घेतल्या, आणि माइक बंद आहे असं समजून भोयरांकडे वळून विचारलं, "आहेत ना ते अजून, का गेले?"

गाणं सुरू झालं. लोक समंजस, ऐकत होते. पुढच्या रांगेतल्या आज्या तर टाळ्यांनी ठेका धरून होत्या. आणि ती जागा आली. भोयरांनी डोळे मिटले, शब्द अर्ध्यात सोडला आणि उडी घेतली.

जामुलहून बोलावलेला साउंडवाला वायर सुटली समजून धावत स्टेजवर चढला. निमजेंना वाटलं गाणं संपलं, ते आभार मानायला उठले. एक आजी शेजारणीला म्हणाल्या, "पाह्य बाई, इतकं चांगलं चाललं होतं, लाइट गेली वाटते."

लाइट होती. गाणंही चालूच होतं. साउंडवाला भोयरांच्या पायाशी बसून प्लग काढत होता, घालत होता, आणि भोयर डोळे मिटून वाजवत होते. खाली उतरले तेव्हा मी विचारलं, कसं वाटलं? म्हणाले, "जागा बरोबर आली." बाकीचं त्यांनी काही पाहिलंच नव्हतं.

*

भोयरांची मुलगी पल्लवी. जुनवानीत बापाच्याच घरी राहून कॉम्प्युटरवर नोकरी करते. तिनं कार्यक्रमाचा व्हिडिओ इंटरनेटवर टाकला. आणि बाबांना खूश करावं म्हणून तिथंच शोधून केटल्सचं मूळ गाणंही काढलं, अगदी स्वच्छ, धुऊन-पुसून ठेवल्यासारखं. रविवारी दुकानात घेऊन आली. मी मोठ्या स्पीकरवर लावलं.

मधलं कडवं आलं. गाणारा शब्दापाशी आला, पूर्ण शब्द गायला, पुढचाही गायला, ओळ संपवली आणि शिस्तीत पुढच्या ओळीत गेला. उडी नव्हतीच.

"पुन्हा लावा," भोयर म्हणाले. मी पुन्हा लावलं. पुन्हा तेच.

घरचा प्लेयर बिघडल्यापासून त्यांची प्लेट दुकानातच असायची. ती काढून त्यांनी ट्यूबलाइटखाली तिरपी धरली. त्या जागेवर चरा होता. बारीक, पण होता. सुई तिथून घसरायची आणि पुढे जाऊन पडायची. साहेबाकडून आली तेव्हापासूनच असणार. भोयर त्यावरून बोट फिरवत राहिले. मग प्लेट पाकिटात घातली, माझ्या हातात दिली आणि घरी गेले.

लांजेवार मागून ओरडले, "अरे भोयर, गाडी पॉइंटवरून गेली तर चुकली म्हणते का कोणी? लाइन बदलली म्हणते." भोयरांनी वळून पाहिलं नाही.

*

त्यानंतर ते दुकानात येईनात. पल्लवीनं सांगितलं, गिटार कपाटावर ठेवली आहे, वर चादर घातली आहे. एकदा त्यांच्या बायको, कुसुमताई, रिमोटचे सेल घ्यायला आल्या. सेल घेतले तरी जाईनात.

"भाऊ, जिंदगीभर मी यांच्या मागं लागली का बंद करा ते धांगडधिंगा," त्या म्हणाल्या. "आता बंद झालं तर घर खायले उठते. काल मी म्हटलं, वाजवा थोडं. तर म्हणते, काय वाजवू, चरा?"

मी म्हटलं, "होईल ठीक."

"तुमी सगळ्याच गिऱ्हाइकाले असंच सांगता," कुसुमताई म्हणाल्या, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

*

पल्लवीच्या व्हिडिओखाली एक दिवस इंग्लंडातल्या एका मुलीचा निरोप आला. तिचे आजोबा केटल्समध्ये गिटार वाजवायचे. चौघांपैकी आता तेच उरलेत. त्यांनी व्हिडिओ पाहिला आहे आणि त्यांना वाजवणाऱ्याशी बोलायचं आहे.

भोयर ऐकेनात. "चूक पकडायले बोलावून राहिले," म्हणाले. शेवटी कुसुमताईंनीच हाताला धरून आणलं. इस्त्रीचा शर्ट, बटणं गळ्यापर्यंत लावलेली, चार्जशीट मिळालेला माणूस साहेबाच्या केबिनमध्ये शिरतो तसे आत आले. मी दुकानातल्या मोठ्या टीव्हीवर कॉल जोडून ठेवला होता. आमच्याकडे संध्याकाळ, तिकडे ऊन. पडद्यावर स्वेटर घातलेले एक म्हातारे गृहस्थ, मांडीवर गिटार. ज्यांचं नाव घेऊन भोयरांनी उमर काढली, ते हेच.

नमस्कार झाले. म्हातारबाबांनी काही विचारलं, ते पल्लवी सांगू लागली, "बाबा, ते कडव्यातल्या त्या मधल्या जागेबद्दल विचारताहेत."

भोयर उठून उभे राहिले. "सांग त्याले. आमची प्लेट खराब होती. तिथं चरा होता. त्यांनी जे वाजवलं ते आमाले ऐकूच आलं नाही, अन् आमी चराच वाजवत राहिलो. मोठ्या माणसाचं गाणं बिघडवलं, माफी मागतो म्हणावं."

पल्लवीनं सांगितलं. म्हातारबाबांनी कानामागे हात धरून ऐकलं, मग हात हलवून बराच वेळ काही बोलले.

"म्हणताहेत, चऱ्याचं मला काही माहीत नाही," पल्लवी म्हणाली. "व्हिडिओ पाहिल्यापासून रोज ती जागा वाजवून पाहतोय, आणि जमत नाही. तुम्ही कशी घेता?"

म्हातारबाबांनी वाजवायला सुरुवात केली. जागेपाशी आले आणि अडखळले. पुन्हा घेतलं, पुन्हा अडखळले. तिसऱ्या वेळी भोयरांना राहवलं नाही.

"नाही, नाही. मोजून राहिले ते. मोजू नका म्हणावं."

भिंतीवर विकायला टांगलेली गिटार त्यांनी खाली ओढली. लांजेवारांनी माझ्या काचेच्या काउंटरवर बोटांनी ठेका धरला. "पायानं घ्या म्हणावं," ते म्हणाले, आणि टीव्हीला दिसावा म्हणून पाय स्टुलावर ठेवून आपटू लागले. तिकडे इंग्लंडात एक चप्पल जमिनीवर वाजू लागली. भोयरांनी जागा घेऊन दाखवली. म्हातारबाबांनी घेतली, चुकली. "पुन्हा," भोयर म्हणाले. चुकली. "पहिल्यापासून घ्या." नातीनं चहा आणला, तर त्यांनी तिला हातानंच परत पाठवलं. दुकानात एक गिऱ्हाईक चार्जर मागत होतं, त्याला मी थांब म्हटलं.

शेवटी एकदा ते अडखळत का होईना, पण पलीकडे गेले. गिटार थांबवून भोयरांकडे पाहू लागले.

"बाबा, विचारताहेत, अब ठीक आया क्या?"

भोयरांनी लांजेवारांकडे पाहिलं. लांजेवारांनी हाताचा पंजा जरा इकडे, जरा तिकडे हलवला.

"सांग त्याले, जमेल," भोयर म्हणाले. "पण रोज बसा म्हणावं."