हौगांगच्या बाकावरचं पाताळ

म्हाताऱ्यांना एका बाकावर बसवलं की किस्से साचतात, बेसिनमधल्या खरकट्या भांड्यांसारखे. कुणाला तरी उठून घासावी लागतात. मी चौथी शिकलेला, तरी लिहायची पाळी माझ्यावरच आली. गोखले बँकेत साहेब होते, ते नुसतं सांगतात!

इथे परदेशात, हौगांगला, मुलाच्या इमारतीखाली आमचा बाक. मी, गोखले आणि सावंत. दोन हजार पंधराच्या सुमाराची गोष्ट. माझी अकरा वर्षांची नात ईरा शाळेतून आली की तिथे एक जाडजूड इंग्रजी कादंबरी वाचून आम्हाला मराठीत सांगायची. माया लोकांच्या देवदैत्यांची. त्यातली पोरगी आजोबांना सोडवायला पाताळात उतरते.

मी पहिल्याच दिवशी म्हटलं, "म्हातारा घरी येतो का, तेवढं सांग."

"आबा, पेशन्स लाह!" इथल्या पोरांच्या वाक्याला हे 'लाह'चं शेपूट असतंच.

*

देवांनी आधी माणूस चिखलाचा केला, तो विरघळला. मग लाकडाचा केला, त्याला काळीजच नव्हतं. शेवटी मक्याच्या पिठाचा जमला.

सावंत म्हणाले, "लाकडाचा माल संपलेला नाही. एक नग रॅफल्स प्लेसच्या ऑफिसात कामाला आहे. माझाच मुलगा!"

*

पाताळातले राजे पाहुण्यांना "बसा" म्हणतात, आणि दगडी बाक तापवून लाल केलेला!

आमच्याही बाकावर चारपर्यंत ऊन. दुसऱ्या दिवशी गोखले सावलीत उभे राहून सावंतांना म्हणाले, "बसा ना." सावंत टेकले तसेच उडाले.

"गोखले, तुम्ही कुठल्या पाताळातले?"

"चौथ्या मजल्यावरच्या!"

*

मग मरणाच्या राजांशी चेंडूचा सामना. हात लावायचा नाही, चेंडू कमरेने मारायचा.

गोखल्यांनी विचारलं, "डॉक्टरचा पट्टा बांधलेला चालतो का?"

ईरा म्हणाली, "गोखले आजोबा, तुम्ही अंपायर व्हा."

*

माझा इथे राहायचा पास महिनाअखेरीला संपत होता. मुलगा म्हणाला, "बाबा, या वेळी वाढवून मिळाला नाही." साताऱ्याला परत. माझे गुडघे बघून पुन्हा कधी येणार, हे कुणी विचारलं नाही.

मी ईराला म्हटलं, "आता उरक बाई. म्हातारा सुटतो का ते ऐकूनच विमानात बसणार."

"म्हणजे बुक संपल्याशिवाय नाही जाणार? प्रॉमिस?"

कंटाळलो होतो. हो म्हटलं.

*

सोमवारी पाताळाच्या दारावरचा जग्वार मेला. आम्ही तिघांनीही सुस्कारा टाकला.

गुरुवारी ईराने पुस्तक उघडलं. जग्वार दारावर दबा धरून बसलेला.

गोखल्यांनी तोंड उघडलं, "अगं, हा तर सोमवारीच..."

मी त्यांच्या पायावर काठी टेकवली. चांगली दाबून.

"वाच गं," म्हटलं. "सावकाश वाच."