पिंकीच्या पडद्यावरच्या रेघा

हा किस्सा मी स्वतःच सांगून टाकतो, कारण समोरचा चक्कीवाला गजाभाऊ सांगतो तेव्हा त्यात मी रडतो. मी रडलो नव्हतो. डोळ्यात पीठ गेलं होतं. बाकी सगळं खरं आहे, आणि तेच तर वाईट आहे.

आमचं गाव रिठद. माझी पोरगी पिंकी पुण्याच्या एका कंपनीसाठी घरांचे नकाशे काढते आणि दिवाळीपासून ते काम आमच्या मधल्या खोलीत बसून करते. लॅपटॉपच्या पडद्यावर नकाशा मावत नाही म्हणून तिनं मोठा मॉनिटर मागवला. पोरगी घरात, दोन्ही वेळा सोबत जेवण, माणसाला आणखी काय पाहिजे? तिची आई तर फोडणी देताना गुणगुणायला लागली. एरवी आमच्याकडे फोडणीनंतर फक्त माझा ठसका ऐकू येतो.

पण त्या मॉनिटरला एक खोड होती. कॉम्प्युटरला थोडा वेळ हात लावला नाही की तो झोपतो, हे तुम्हाला माहीत असेल. पिंकीनं त्याला उठवलं की लॅपटॉप ताजातवाना, आणि शेजारच्या मॉनिटरचा मात्र अवतार. आधी काळा. मग हिरव्या ठिपक्यांची रांगोळी. मग आडव्या रेघा. मग पुन्हा काळा. दहा-पंधरा मिनिटं असे नखरे झाल्यावर साहेब कधीतरी शुद्धीवर यायचे.

"झोपेतून उठल्यावर आमच्या घरात असंच असते," तिची आई माझ्याकडे बघत म्हणाली.

"त्याले झोपूच नको देऊ ना," मी पिंकीला सुचवलं.

"अन् लाइट गेल्यावर काय करू बाबा? रात्रंदिवस त्याच्या उशाशी बसू?"

पिंकीनं नेटवर वाचून वाचून सगळे उपाय केले. ड्रायव्हर काढले, परत टाकले. सेटिंगा बदलल्या. मॉनिटरची पिन दुसऱ्या बोर्डात लावून पाहिली. शेवटी डोकं धरून म्हणाली, "आता फक्त लॅपटॉप ते मॉनिटर ही वायर राह्यली. पण ते तं मॉनिटरच्या खोक्यातली आहे. नवी कोरी."

"नवीच हाये," मी मान डोलावली.

ही मान जरा लक्षात ठेवा.

मग शुक्रवारी तिच्या साहेबांचा फोन आला. सोमवारी अडीच वाजता एका मोठ्या गिऱ्हाइकाला नकाशा दाखवायचा होता. त्या वेळी पुन्हा अडचण आली, तर घरून काम बंद, पुण्याला येऊन बसायचं. पिंकी 'हो सर' म्हणाली आणि फोन ठेवला. त्या दिवशी फोडणी मुकी होती.

आता बाप म्हणून मी गप्प बसणार होतो का? तुम्ही मला ओळखत नसाल, पण एके काळी आमच्या गल्लीतल्या सतरा अँटेना मी एकट्यानं फिरवल्या आहेत. लोक खाली टीव्हीसमोर, मी माळवदावर. 'आलं का?' 'नाई आलं.' 'आता?' 'होतं ते बी गेलं.' चिमणी बसल्यानं पडद्यावर किती मुंग्या येतात आणि कावळा बसल्यानं किती, हे मी नुसतं चित्र पाहून सांगायचो. आणि आडव्या रेघा? त्या एकाच गोष्टीच्या. समोर गजाभाऊची चक्की सुरू झाली, तिची मोटर फिरली, की टीव्हीवर आडव्या रेघा. गल्लीतलं शेंबडं पोरही हे सांगायचं.

"बाबा, ते अँटेनाच्या टायमातलं होतं," पिंकी म्हणाली. "हे वायरीवर चालते."

"रेघ ते रेघच असते," मी म्हणालो आणि चप्पल घातली.

गजाभाऊ पिठानं पांढरा होऊन सुपात ज्वारी ओतत होता.

"गजा, सोमवारी दुपारी चक्की बंद ठेव."

"काहून बावा? कोन गेलं?"

"कोनी नाई गेलं. तुयी चक्की माया पोरीच्या कॉम्प्युटरवर रेघा मारून राह्यली."

"माई चक्की? ते ज्वारी दळते देवराव. तिले लेकरायच्या वहीवर बी रेघा मारता येत नाई."

"हसू नको. रेघा नाई गेल्या तं पिंकीले पुण्याले जा लागन."

गजाभाऊचा हात थांबला. पिंकी लहान असताना तो तिला धान्याच्या काट्यावर बसवून तोलायचा आणि 'आज पावभर वाढली' असं सगळ्या गल्लीला सांगायचा.

"मंग असं सांग ना," तो म्हणाला. "दोन ते चार बंद."

माझ्या डोळ्यात पीठ गेलं ते याच वेळी.

सोमवारी पिंकीनं सकाळपासून कॉम्प्युटरला डुलकीही घेऊ दिली नाही. आणि बरोबर दोन वाजता लाइट गेली. बॅटरी वाचवायला लॅपटॉप झोपला, मॉनिटर विझला. सव्वादोनला लाइट आली, पण गजाभाऊनं शब्द पाळला, चक्की बंदच ठेवली. त्याचा परिणाम असा झाला की दळणाचे डबे घेऊन ताटकळलेल्या सहा बायका आणि खुद्द गजाभाऊ, सगळे आमच्या घरी आले. एवढ्या बायकांचं दळण अडवणारी चीज आहे तरी कशी, हे त्यांना बघायचं होतं.

"हे व्हय का जी ते टीव्ही?" एकीनं विचारलं.

"टीव्ही नाही मावशी, मॉनिटर," पिंकी म्हणाली.

मी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "आता बघा. चक्की बंद, रेघा बंद. उठव पिंके त्याले."

पिंकीनं कळ दाबली. काळा. हिरवी रांगोळी. आडव्या रेघा. पुन्हा काळा.

घड्याळात दोन वीस. पिंकीनं ओढणीनं डोळे पुसले, आणि माझी सतरा अँटेनांची इज्जत सहा डब्यांसमोर मातीत गेली.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून गजाभाऊचा आवाज आला. गर्दीत जागा नाही म्हणून तो तिकडे आमचा टीव्ही लावून मॅच बघत बसला होता.

"देवराव, तुया टीव्हीवर तं एक रेघ नाई. बॉलची शिलाई दिसून राह्यली. मागच्या साली तं याच्यावर बॅट कोनती अन् स्टंप कोनता, समजत नव्हतं. नवा घेतला का?"

"नाई, जुनाच हाये," मी अभिमानानं म्हणालो. "मीच दुरुस्त केला."

पिंकी हळूच वळली. "तुम्ही? कसा?"

ती धावत बाहेर गेली आणि टीव्हीच्या मागे वाकली. तिथून बाहेर आला तिचा हात, आणि हातात जाड, काळी, चकचकीत वायर.

"बाबा. हे वायर कुठली?"

मंडळी, मला ते सगळं त्याच क्षणी आठवलं. मॉनिटर आला त्या दिवशी खोकं मीच उघडलं होतं. टीव्हीच्या सेटटॉप बॉक्सची वायर टोकाशी तुटायला आली होती, मी तिला काळी चिकटपट्टी गुंडाळून चार वर्षं जगवली होती. दोन्ही वायरींची तोंडं सारखी. मी विचार केला, कॉम्प्युटर जवान आहे, तो जुन्या वायरीवरही भागवून घेईल, टीव्ही म्हातारा आहे, त्याला आधार पाहिजे. बदलल्या, चिकटपट्टीचं टोक मॉनिटरच्या मागे मीच खोचून दिलं, आणि साफ विसरलो. विसरलो यावर तुमचा विश्वास बसणार नाही. माझ्या बायकोचाही अजून बसलेला नाही.

"नवीच हाये म्हणून मान हलवत होते," ती बायकांना सांगत होती.

पिंकीनं वायर लावली, कॉम्प्युटर झोपवला, उठवला. मॉनिटर असा लख्ख उघडला की अगदी पुढे उभ्या असलेल्या मावशींनी पदर सावरला. दोन अठ्ठावीस. सगळ्यांना बाहेर काढून दार लागलं. तासाभरानं पिंकी बाहेर आली, शेजारी बसली आणि तिनं माझ्या ताटलीतले निम्मे शेंगदाणे खाल्ले. मी समजलो, पोरगी राहिली.

चिकटपट्टीवाली वायर आता परत टीव्हीला आहे. दुसरी आणून देते म्हणून पिंकी म्हणते, पण तिची आई आणू देत नाही. रोज संध्याकाळी मी बातम्या लावतो, पडद्यावर हिरवी रांगोळी उमटते, मी उठून टीव्हीला एक थाप मारतो. ती थाप ऐकली की समोरून गजाभाऊ सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं विचारतो,

"देवराव, रेघा आल्या का? चक्की बंद करू का?"