पेपरात न मावलेली माणसं

संशोधनाचा पेपर लिहायला बसलं की जमवलेल्यातलं अर्धंअधिक गाळावं लागतं. पानांची मर्यादा असते, आणि 'हे फारसं शास्त्रीय वाटत नाही' असं म्हणणारा कोणी ना कोणी असतोच. गाळलेलं फुकट मात्र जात नाही. आमच्या लॅबमधली माणसं वर्षातून दोनदा भेटतात आणि तेच काढून बसतात. दर भेटीत किस्सा थोडा फुगतो. मी शक्य तितका न फुगवता सांगते.

लॅब म्हणजे बोरिवलीतल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या तिसऱ्या मजल्यावरची लांबट खोली. सामंत मॅडम आमच्या गाइड. सोबत मी आणि महेश तावडे असे दोघे पीएचडीवाले, आणि लॅब सांभाळणारे घाडीकाका. आमचा विषय घरी समजावणं फार अवघड होतं. माझी आई शेजारणीला सांगायची, "ती सॉफ्टवेअर बनवत नाही, बनवणाऱ्यांकडे बघत बसते." आईची व्याख्या मॅडमना इतकी आवडली की त्यांनी ती फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवली आणि कोणाला पुसू दिली नाही.

* * *

माझी पहिली पाहणी मुलुंडला, आमच्याच सोसायटीत. नळ गळतो, लिफ्ट अडकते, अशा तक्रारी नोंदवायला मी एक छोटी वेबसाइट केली होती. ती लोकांना कितपत जमते, हे एका प्रश्नावलीने काढायचं होतं. मी घरोघरी कागद वाटले. आठवड्याने सगळेच्या सगळे भरून परत आले. प्रत्येकावर 'अत्यंत समाधानी'. तळमजल्यावरच्या काकूंकडे इंटरनेटच नव्हतं, पण त्यांनीही 'रोज वापरते' लिहिलं होतं.

मी खूश होऊन गठ्ठा मॅडमच्या टेबलावर ठेवला. त्यांनी शांतपणे सगळे कागद चाळले आणि कागद वाटायच्या आधी सोसायटीत कोणी काही बोललं होतं का, असं विचारलं. तेव्हा मला आठवलं. सेक्रेटरीकाकांनी लिफ्टजवळ नोटीस लावली होती, आपल्या बिल्डिंगच्या मुलीची परीक्षा आहे, सर्वांनी चांगलं लिहावं.

मॅडमनी गठ्ठ्याला रबर लावलं. "वेबसाइटचं काही कळलं नाही. पण तुझी बिल्डिंग तुझ्यावर जीव टाकते, एवढं मात्र सिद्ध झालं. हे जपून ठेव."

ठेवलंय. सेक्रेटरीकाका आता नाहीत, बिल्डिंगही पाडून नवीन टॉवर झालाय. गठ्ठा आहे.

* * *

तावडेला सुरुवातीला मॅडमनी वाचनाला लावलं. आपल्या विषयावर जगात जेवढं लिहिलं गेलंय ते सगळं शोधायचं, मग ठरवलेल्या नियमांच्या गाळण्या लावत लावत कामाचं तेवढं उरवायचं. तावडे मुळातच काटेकोर. कांदिवलीहून डबा घेऊन यायचा, खुर्चीत बसायचा आणि पेपर गाळायचा. पहिल्या गाळणीत जुने गेले, दुसरीत विषय सोडून भरकटलेले गेले. अडीच महिन्यांनी त्याने मॅडमना यादी दाखवली. यादीत अकरा पेपर उरले होते.

मॅडमनी चष्मा लावला आणि यादी खालून वर, वरून खाली वाचली. त्यांचा स्वतःचा या विषयावरचा एक पेपर होता, बऱ्यापैकी नावाजलेला. तो यादीत नव्हता.

"माझा कुठल्या गाळणीत अडकला रे?"

तावडेने मान खाली घातली. "दर्जाच्या, मॅडम."

मी घाडीकाकांकडे बघितलं, काका खिडकीबाहेर बघत होते. मॅडम यादी घेऊन घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी येऊन त्यांनी एवढंच सांगितलं, की रात्री पेपर पुन्हा वाचला, नमुना फार लहान होता, मोजक्याच माणसांचा, गाळलास ते बरोबर केलंस. त्यानंतर तावडेसाठी त्या कुठेही भांडायला तयार असायच्या.

* * *

घाडीकाका कणकवलीकडचे. कॉम्प्युटर पुसायचे, वायरी गुंडाळायचे, पण माउसला हात लावायचे नाहीत. एकदा आम्हाला एका लहान हॉस्पिटलच्या अपॉइंटमेंटची वेबसाइट तपासायची होती. पद्धत अशी की माणसाला समोर बसवायचं आणि वापरता वापरता मनात येईल ते मोठ्याने बोलायला लावायचं. ठरलेली बाई आली नाही, म्हणून मॅडमनी काकांना बसवलं.

"मनात येतला ता सगळा बोलू?" काकांनी दोनदा विचारून घेतलं.

सगळं बोला, मी म्हटलं आणि रेकॉर्डर सुरू केला. काका पाऊण तास बोलले. सुरुवात कॉम्प्युटरवर बसलेल्या धुळीपासून झाली. मग गावच्या घराचे वासे, मग जावयाचा स्वभाव, मग आरेच्या रस्त्याने बसमधून जाताना एकदा दिसलेला बिबट्या, जो त्यांच्या बायकोला अजून खरा वाटत नाही. अधूनमधून एकेक रकाना भरत होते. नाव, वय, दुखणं. शेवटी खाली एक निळं बटण उरलं. त्यावर लिहिलं होतं, 'सबमिट करा'.

काका पहिल्यांदाच गप्प झाले. बटणाकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "कोणाक?"

मी समजावायला तोंड उघडलं, तर मॅडमनी हातानेच थांबवलं. रेकॉर्डिंग मला पहिल्यापासून शेवटपर्यंत उतरवून काढावं लागलं, बिबट्यासकट. त्या बावीस पानांतून वेबसाइटच्या कामाचा शब्द निघाला एकच. बटणावर आम्ही 'डॉक्टरांकडे पाठवा' असं केलं आणि अर्ध्यावर सोडलेले फॉर्म एकदम कमी झाले.

आज मी एका कंपनीत हेच काम करते. नवीन पोरं मोठमोठे तक्ते घेऊन येतात. मी सगळं ऐकून घेते आणि विचारते, "कोणाक?" त्यांना वाटतं, कुठल्या तरी परदेशी पद्धतीचं नाव असेल.

* * *

बोरिवलीच्या खाडीपलीकडच्या गोराईचं काम तावडेचं आणि माझं मिळून होतं. ओहोटी असली की फेरीबोटीच्या वेळा पुढेमागे होतात आणि लोक धक्क्यावर ताटकळत उभे राहतात. आम्ही एक साधं वेबपेज केलं. भरतीच्या वेळा, बोटीच्या वेळा, पुढची बोट कधी. गावात जाऊन सगळ्यांना दाखवलं, सगळे छान म्हणाले.

दोन महिन्यांनी नोंदी काढल्या. पेज बघणारा फोन रोज एकच. सकाळी सहा ते नऊ, पुन्हा पुन्हा तोच. बाकी गावात शुकशुकाट. तावडेचा चेहरा उतरला. त्याने दोन दिवसांत पेपरचा मसुदा केला, आपली पद्धत कुठे फसली यावर. मसुदा चांगला होता, वाईट वाटावं इतका प्रामाणिक होता.

मॅडमनी वाचून विचारलं, "हा एक कोण आहे?"

"मॅडम, एकच आहे."

"म्हणून तर विचारतेय. एकच असला की शोधायला सोपा."

शनिवारी सकाळी आम्ही तिघं धक्क्यावर जाऊन बसलो. तिथे आग्नेस आंटी भाजी घेऊन बसायच्या, स्वतःच्या वाडीतली. त्यांचा फोन सारखा वाजत होता. फोन कानाला लावायच्या, खाली घ्यायच्या, डोळे बारीक करून आमचं पेज बघायच्या आणि सांगायच्या, "आता नको निघूस, पाऊण तास हाय." की लगेच पुढचा फोन. मध्येच धक्क्यावरच्या कोणालातरी हाक मारून बोट सांगायच्या. तासाभरात आख्खं गाव त्यांनी हलवलं.

मॅडमनी जवळ जाऊन विचारलं की बाकीचे स्वतःच का बघत नाहीत. आंटींना प्रश्नच विचित्र वाटला.

"सगल्यांनी कशाला बगायचं? मी बगते, मी सांगते."

 परत बोरिवलीच्या धक्क्यावर उतरल्यावर तावडेने बॅगेतून मसुदा काढला, वरचं शीर्षक खोडलं आणि नवं लिहायला माझ्याकडे पेन मागितलं, कारण त्याच्या पेनातली शाई खोडण्यातच संपली होती. तो पेपर आमचा सर्वांत जास्त वाचला गेलेला पेपर आहे. आंटींनी दिलेलं पडवळ मॅडमनी घरी नेलं.

* * *

पीएचडीच्या मुख्य कामासाठी तावडे अंधेरीला, मरोळच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत जायचा. टीममधली सात-आठ माणसं काम कसं करतात ते मागे बसून नुसतं बघायचं, मध्ये पडायचं नाही, असं ठरलं होतं.

पहिला आठवडा सगळे डोकं वर न काढता काम करत होते, कारण त्यांना वाटलं हा मॅनेजरचा माणूस आहे. दुसऱ्या आठवड्यात तो त्यांना नवा भरती झालेला वाटला. कोणीतरी एक अडलेला बग त्याच्या हातात दिला. तावडेने तो दुपारपर्यंत सोडवून दिला. तिसऱ्या आठवड्यात कंपनीने त्याला नोकरीच देऊ केली.

मॅडमनी त्याची नोंदींची वही बंद केली. तू बघणारा राहिला नाहीस, त्यांच्यातलाच झालास, त्या म्हणाल्या. नोंदी बाद. आता त्या टीमला समोर बसवून, तू कोण ते स्वच्छ सांगून, रीतसर मुलाखती घे. तीन आठवड्यांचं काम पाण्यात गेलं, आणि नोकरीही त्याने नाकारली. घरी नोकरीचं त्याने वर्षभर कोणाला कळू दिलं नाही. तेव्हा त्याचं लग्न ठरत होतं. मला विचारायचा, "चुकलं का गं माझं?" मी कॅन्टीनचा चहा आणून द्यायचे. मला तरी काय माहीत होतं?

* * *

त्या मुलाखतींवरच त्याचा प्रबंध उभा राहिला. शेवटच्या तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले होते, त्यांना मराठी येत नव्हतं. ही परीक्षा सगळ्यांसाठी खुली असते, म्हणून तावडेने बाबांना बोलावलं होतं. बाबा परळच्या मिलमध्ये होते. मिल बंद झाल्यावर कांदिवलीला आले आणि एका इमारतीत लिफ्ट चालवून त्यांनी मुलांना शिकवलं. इस्त्रीचा शर्ट घालून ते शेवटच्या रांगेत, माझ्या शेजारी बसले होते.

तावडे तासभर इंग्रजीत बोलला. टीममधले लोक कोड नीट चालतो का ते तपासणाऱ्या चाचण्या लिहायचं का टाळतात, यावर त्याचा मुख्य निष्कर्ष होता, वेळ पुरत नाही म्हणून. परीक्षकांनी बरंच विचारलं, त्याने सगळ्याची उत्तरं दिली. बाबा पूर्ण वेळ मला हळूच विचारत होते, आता काय म्हणाला, आणि मी सांगत होते. शेवटी अध्यक्षांनी रिवाज म्हणून विचारलं, श्रोत्यांपैकी कोणाला काही विचारायचंय का?

बाबा उभे राहिले.

"महेश, त्या पोरांनी तुला सांगितलं, ते तू लिहिलंस. लिहिलेलं त्यांना वाचून दाखवलंस काय?"

 तावडेने हातातला पॉइंटर टेबलावर ठेवला.

बाबा म्हणाले, "आमच्या चाळीत पण आले होते फॉर्म घेऊन. मिल बंद झाली तेव्हा. दोन-दोन तास बसून लिहून घेतलं. काय लिहिलं, कोणी परत येऊन सांगितलं नाही. म्हणून विचारतो."

परीक्षकांनी मॅडमकडे बघितलं. मॅडमनी सगळं इंग्रजीत सांगितलं, एकही शब्द न गाळता. मग तावडे मराठीतच म्हणाला, "नाही बाबा. राहून गेलं."

बाबा खाली बसले. परीक्षकांनी बराच वेळ लिहिलं. प्रबंध मान्य झाला होता, पण एका दुरुस्तीच्या अटीवर. दुरुस्तीच्या रकान्यात एकच ओळ होती, उमेदवाराच्या वडिलांच्या प्रश्नाचं उत्तर द्यावं.

पुढच्या आठवड्यात तावडे मरोळला गेला. बाबा त्याच्यासोबत निघाले. मीही गेले. जेवणाच्या सुट्टीत टीम पॅन्ट्रीत जमली आणि तावडेने प्रबंधातलं मुलाखतींचं प्रकरण त्यांना सोप्या शब्दांत वाचून दाखवलं. सगळे ऐकत होते, कोणी कोणी माना हलवत होते. वेळ पुरत नाही, इथपर्यंत आला, तेव्हा कोपऱ्यातल्या एका मुलीने डब्याचं झाकण लावलं.

"वेळेचं आम्ही असंच सांगितलं रे. तू विचारत होतास तेव्हा मॅनेजर सर काचेच्या पलीकडेच बसले होते." ती थांबली, बाकीच्यांकडे तिने बघितलं. कोणी तिला अडवलं नाही. "चाचणी लिहिली की चूक सापडते. चूक सापडली की पहिला प्रश्न, कोणाची? म्हणून नव्हतो लिहीत."

 तावडे हातातल्या छापील पानांकडे बघत बसला होता.

बाबांनी शर्टाच्या खिशातलं पेन काढून त्याच्यासमोर धरलं.

"आता लिही," ते म्हणाले.