दगडाबाईनं हीटर दोनदा मोजला

बीड जिल्ह्यात कुणी घर गरम करायचं यंत्र विकायला येईल, हे तुम्हाला खरं वाटतं का? वाटत नसेल तर तुम्ही इथला डिसेंबर पाहिलेला नाही. पाऊस न झालेल्या वर्षी जमिनीत ओल नसते, आभाळ कोरडं असतं, आणि माथ्यावरच्या गावांत पहाटे पारा आठ-नऊवर उतरतो. पेपरात इथलं ऊन तेवढं छापून येतं, थंडी येत नाही. विकणाऱ्यांना दोन्ही ठाऊक असतं.

मी सांगतोय ते गाव लिंबागणेशच्या पुढं, चढावर आहे. नाव लिहीत नाही. आणि ही गोष्ट गावाची नाहीच, दगडाबाईची आहे.

दगडाबाईचा जन्म बहात्तरच्या दुष्काळातला, खडी फोडायच्या कामावरचा. आईनं दुपारी हातोडा ठेवला आणि तिसऱ्या दिवशी परत उचलला. आधीची दोन पोरं गेली होती, म्हणून हिचं नाव दगडा ठेवलं, की ही तरी टिकावी. टिकली. वडील छप्पन्नच्या दीक्षेनंतरचे, पोरीला शाळेत घालायची त्यांची लई इच्छा; पण शाळा वर्षातून चार महिने आणि ऊसतोड सहा महिने, यात दुसरीच्या पुढं काही गेलं नाही. अक्षरं पुसली गेली. आकडे राहिले. आजही ती एसटीची पाटी वाचत नाही, पण तिकिटावरचा आकडा चुकलेला असला तर कंडक्टरला खाली उतरू देत नाही.

पहिल्यांदा तिचं नाव झालं ते टँकरवरून. सोळा सालच्या उन्हाळ्यात गावाला रोज बारा हजार लिटरचा टँकर मंजूर होता. कागदावर बारा. दगडाबाईनं बाभळीची एक काठी तासली, टँकरवर चढली आणि काठी आत सोडली. ओल काठीच्या निम्म्यावर. ड्रायव्हर खालून ओरडला, "ए बाई, उतर! पडशील!"

"पडंन मी. तुजं पानी कुटं पडलं ते सांग."

दुसऱ्या दिवसापासून टँकर भरून यायला लागला. दगडाबाईला कुणी काही दिलं नाही. ते तिनं मागितलंही नव्हतं.

त्यानंतर गावात एक रीतच पडली. खताचं पोतं हलकं वाटलं, दळणाचा काटा चुकीचा वाटला, तर लोक म्हणायचे, दगडाबाईला दाखवा. हे लोक तेच, जे लग्नाच्या पंगतीत तिला शेवटच्या ओळीला बसवत. मोजायला मात्र ती पहिली लागे. मला याचा राग येतो. तिला येत नाही, निदान ती बोलून दाखवत नाही.

गावात बायकांची दूध संस्था आहे. अडतीस सभासद. अध्यक्ष केसरबाई, चाळीस एकरवाल्या घरातल्या. सचिव भामाबाई, दहावी पास, दगडाबाईच्याच गल्लीतल्या. दगडाबाईच्या दोन म्हशी, आणि संस्थेत सकाळ-संध्याकाळ कॅनमधल्या दुधाचं तापमान बघायचं काम तिच्याकडं. थर्मामीटरवर अक्षरं नसतात.

अठरा साली पाऊस दगा देऊन गेला. दिवाळीलाच विहिरी खडखडल्या. संस्थेनं दोन वर्षांचा बोनस सभासदांना न वाटता चाऱ्यासाठी बाजूला ठेवला होता. संक्रांतीच्या आत कडबा घेतला तर जनावरं जूनपर्यंत निघणार होती. उशीर झाला तर तोच कडबा दुप्पट भावानं, किंवा मिळणारच नाही. अडतीस बायकांची शंभरावर जनावरं त्या पैशावर उभी होती.

आणि नेमका तेव्हा सुग्रीव आला. मूळचा पाटोद्याकडचा, बीडच्या एका दुकानाचा विक्रेता. पांढरा सदरा, गळ्यात ओळखपत्र, जिभेवर मावशी आणि आक्का. केसरबाईंचे दीर गहिनीनाथ त्याला संस्थेत घेऊन आले. सुग्रीवनं खोक्यातून हीटरची चकचकीत पांढरी पाटी काढली, भिंतीला टेकवून लावली आणि म्हणाला, "आक्का, ह्याच्यात कॉइल न्हाई. किरणं हायत. साध्या हीटरच्या निम्म्या विजेत तेवढीच ऊब. बिल निम्मं. म्हाताऱ्या मानसांचे सांधे धरत न्हाईत. साडेनऊ हजाराला एक, पन संस्थेनं समद्यांसाठी घेतले तर आठ."

साधा हीटर बीडच्या बाजारात हजाराच्या आत मिळतो.

"आठ हजार?" भामाबाई म्हणाल्या. "एवढ्यात तर शेळी येती, पिल्लासकट."

"शेळी बिल कमी करती का, ताई?"

"शेळीला बिलच येत न्हाई."

बायका हसल्या. पण थंडी खरी होती आणि प्रत्येकीच्या घरात कुणीतरी खोकणारं, आखडलेलं माणूस होतं. गहिनीनाथांनी सुचवलं, चारा फंडातून घ्या, कडब्याचं फेब्रुवारीत बघू. केसरबाई म्हणाल्या, गुरुवारी सभा, गुरुवारी ठराव. त्याच्या आत दगडाबाईनं यंत्र घरी नेऊन मोजावं. ती हो म्हणाली तर घ्यायचं.

आता इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर तिचं पुढचं वागणं कळणार नाही. दगडाबाईचा नवरा बन्सी. बावीस हंगाम ऊस तोडला, मोळ्या वाहिल्या, आणि गुडघे गेले. थंडीत त्याला सकाळी खाटेवरून उठवायला दोघं लागत. ते यंत्र खरं निघावं असं गावात कुणाला सगळ्यात जास्त वाटत असेल तर ते दगडाबाईला.

मोजायची तिची पद्धत साधी. लाइनमन विठ्ठलरावांनी तिला कधीतरी सांगितलं होतं, की मीटरवरचा लाल दिवा बत्तीसशे वेळा लुकलुकला की एक युनिट. तिनं घरातलं सगळं बंद केलं. सकाळी भामाबाईंचा जुना कॉइलचा हीटर लावला, दारात बसून घड्याळाची पाच मिनिटं धरली. शंभर झाले की एक खडा. दोनशे पंचावन्न. संध्याकाळी दूध घालून आल्यावर सुग्रीवचं यंत्र लावलं. दोन्हीवर हजार वॅटच लिहिलेलं, तो आकडा तिनं वाचला होता. पाच मिनिटांत एकशे बेचाळीस.

तिनं परत मोजलं. एकशे चाळीस.

बन्सी समोर पाय पसरून बसला होता. "कसं वाटतंय?" तिनं विचारलं.

"लई ग्वाड वाटतंय गं. हलवू नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी दगडाबाईनं संस्थेत सांगितलं, "खरं हाय. निम्मीच वीज खातंय." सुग्रीवनं तिच्या पायाला हात लावला. गहिनीनाथांनी पेढे आणले. गुरुवारची सभा आता सहीपुरतीच उरली.

बुधवारी संध्याकाळी दुधाची रांग लागली होती. फॅटचं मशीन सुरू होईना. रोजचंच होतं ते. भामाबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "पंप चालू झाले गं बायांनो. ज्यांच्या बोअरला पानी हाय त्यांची मजा, आपलं मशीन मेलं. जरा दम धरा."

रांगेतल्या बायका खाली बसल्या. दगडाबाई उभीच राहिली. वर बल्ब पिवळा पडलेला, आतली तार नुसती लाल. त्या आठवड्यात शेतीची लाइन पाच वाजता यायची. पंप सुरू झाले की गावातली वीज अशक्त होते, पंखा रेंगाळतो, मशीन बसतं; गावातलं शेंबडं पोरही हे जाणतं. आणि तिनं पहिला हीटर सकाळी मोजला होता, दुसरा संध्याकाळी.

"भामे," ती म्हणाली, "म्या चुकले."

"काय झालं?"

"ते यंत्र कमी खात न्हाई. त्याला कुनी वाढलंच न्हाई."

भामाबाईंनी तिथंच डोक्याला हात लावला. उद्या सभा होती.

दगडाबाई तशीच केसरबाईंच्या दारात गेली. सगळं सांगितलं. केसरबाई अंगणात धान्य निवडून घेत होत्या, सूप खाली न ठेवता म्हणाल्या, "दगडा, काल तू हो म्हनलीस. आज न्हाई म्हनतीस. उद्या काय म्हनशील?"

"उद्या मोजल्यावर सांगते, आक्का. सभा दोन दिस लांबवा."

"कावून? तुज्यासाठी?"

"कडब्यासाठी. तुमच्या बी सात म्हशी हायत."

केसरबाईंचा स्वभाव मला आवडत नाही, हे लिहून ठेवतो. पण त्यांनी सभा शनिवारवर ढकलली. सात म्हशी त्यांनाही मोजता येत होत्या.

या खेपेला दगडाबाईनं घड्याळ सोडून दिलं. वीज कमी येवो की जास्त, दिवा जेवढा लुकलुकेल तेवढीच वीज घरात आली, हे तिच्या डोक्यात बसलं होतं. म्हणून हिशेब उलटा केला: दोघांनाही सारखी वीज खाऊ घालायची आणि ऊब मोजायची. शुक्रवारी सकाळचं संकलन उरकलं. संस्थेची दहा बाय दहाची खोली रिकामी केली, खिडकी लावली, बल्ब बंद, मशीन बंद. दुधाचा थर्मामीटर धुऊन खोलीच्या मधोमध दोरीला टांगला. पंधरा. भामाबाईंचा हजाराच्या आतला हीटर लावला आणि ती बाहेर मीटरखाली बसली. हजार लुकलुक. दहा खडे. वीस एक मिनिटं लागली असतील. बटण बंद, दार उघडून पारा बघितला: वीस.

शनिवारी सकाळी त्याच वेळेला, त्याच खोलीत सुग्रीवचं यंत्र. पारा पंधरावर होता. सुग्रीवला तिनं मुद्दाम शेजारी बसवलं, तोही मोजत होता. सातशेला त्याचा आकडा चुकला.

"मावशी, सातशे दहा झाले का वीस?"

"अकरा. गप बस."

हजार झाले. दार त्यानंच उघडलं. पारा वीस, आणि वर एखादी रेघ.

"बघा, जास्त हाय!" सुग्रीव म्हणाला.

"एक रेघ हाय. निम्म्या विजेत तेवढीच ऊब म्हनला होतास ना तू? मंग सारख्या विजेत दुप्पट व्हायला पायजे. पंधराचे पंचवीस व्हायला पायजे होते. तुजी बाकीची ऊब कुटंय?"

सुग्रीवनं थर्मामीटर हातात घेऊन उलटसुलट केला. मग म्हणाला, "आमाला ट्रेनिंगमंदी असंच सांगितलं, मावशी. म्या कदी मोजलं न्हाई." मला तो खोटं बोलला असं वाटलं नाही. ज्यानं त्याला शिकवलं तो बीडलाही कधी आला नसेल.

सभा अकराला भरली. मी मागं दाराशी उभा होतो. दगडाबाई उठली तशी कुणीतरी म्हणालं, "आली, येळंला येक बोलनारी." हशा झाला. ती थांबली, हशा संपू दिला.

"म्या मंगळवारी चुकीचं सांगितलं," ती म्हणाली. "येक सकाळी मोजलं, येक पंप चालू असताना मोजलं. त्यात यंत्राचा दोष न्हाई आन ह्या पोराचा बी न्हाई. माजा हाय. माज्या घरात मानूस आखडलेलं हाय, मला ते खरं व्हावं वाटत होतं, म्हनून म्या दुसऱ्यांदा सकाळी मोजलं न्हाई. आता सारखं मोजलंय. वीज तेवढीच, ऊब तेवढीच. यंत्र वाईट न्हाई. हात लागला तरी भाजत न्हाई, आपआप बंद होतंय, दिसायला बी चांगलं हाय. ज्याला परवडतंय त्यानं घ्यावं. पन म्हशीच्या तोंडातलं काढून नको."

गहिनीनाथ उठले. "ह्या बाईच्या दोन तोंडांवर संस्था चालवायची का?"

भामाबाईंनी थर्मामीटर आणि खडे टेबलावर ठेवले. "मंग तुमी मोजा, भाऊ. खोली रिकामी हाय."

गहिनीनाथ खाली बसले. ठरावाला सहा हात वर झाले. पडला.

कडबा सोमवारी आला, दोन ट्रॅक्टर भरून, आणि बुधवारी आणखी एक. मार्चमध्ये शेजारच्या गावांत लोक जनावरं बाजारला काढत होते तेव्हा इथं दावणीला वैरण होती. केसरबाईंनी एक पांढरं यंत्र स्वतःच्या पैशानं घेतलं, सासऱ्यांच्या खोलीत लावलं. ते चालू आहे. भामाबाईंनी त्यांचा कॉइलचा हीटर बन्सीला दिला. दगडाबाई तो सकाळी पाऊण तास लावते, गुडघ्यापुरता, आणि बंद करते. बन्सीला आता उठवायला एकच माणूस पुरतं.

हे असे विक्रेते अजून फिरत आहेत. हीटर असेल, पाण्याचं मशीन असेल, पंपाचं बिल कमी करणारी डबी असेल. तुमच्या संस्थेतही येतील, आणि सोबत तुमचाच कुणी भाऊ, दीर, पुढारी असेल. माझी तुम्हाला एवढी विनंती आहे: ठरावाला हात वर करायच्या आधी त्यांच्या यंत्राला आणि तुमच्या साध्या यंत्राला सारखी वीज द्या, वेगवेगळ्या दिवशी पण त्याच वेळेला, त्याच खोलीत. आणि मोजायला त्यालाच बसवा ज्याला ते यंत्र मनापासून हवं आहे. तो चुकला तर त्याला हसू नका, दुसऱ्यांदा मोजू द्या.