पदरानं पुसलेलं नळकांडं

"हर्षाली कंपनीत काय करती?" असं पिंपळवंडीत कुणी विचारलं, की साळुबाई ठासून सांगायच्या, "औषधाला करंट लागतो का, बघती." लोक हसायचे. हसेनात का, बाईंचं फारसं चुकत नव्हतं. दम्याच्या औषधाची पूड धातूच्या डब्यात फवारायची आणि कणांवर किती वीजभार चढलाय ते मीटरवर मोजायचं, हेच लेकीचं काम. भार वाढला की पूड वाटेतल्या प्लास्टिकलाच चिकटते, छातीपर्यंत जात नाही.

त्या रविवारी हर्षाली घरीच होती. कोरडी थंडी पडलेली. सकाळीच तिच्या वडिलांना, चांगदेवांना, दम लागला. पंपातलं औषध ज्यातून छातीत ओढायचं, त्या प्लास्टिकच्या नळकांड्याला त्यांनी दम्याचा पंप लावला, दाबला, ओढला. उतार नाही. पुन्हा ओढला. ओठ निळसर पडू लागले तशी हर्षाली पुरती घाबरली. नारायणगावच्या दवाखान्यात न्यायला जीप बोलावली होती, पण दम काय जीपची वाट बघतो?

तिनं नळकांडं उजेडात धरलं. आतून सगळीकडं पांढरी पूड चिकटलेली.

"आई, हे कशानं पुसलंस?"

"पदरानं. रोज पुसते. समईवानी लख्ख केलंय बघ, आतून-बाहेरून."

नायलॉनचा पदर! रोजच्या घासण्यानं प्लास्टिकवरच वीजभार चढला होता, औषध तिथंच चिकटत होतं. कंपनीत आकडा असा चढला, तर ती पुन्हा मोजायची. इथं पुन्हा मोजायला बाप उरला पाहिजे ना!

कागदावर असा भार टिकत नाही; तिनं फळीवरचा चहाचा कागदी कप ओढला, बुडाला भोक पाडून त्यात पंपाचं तोंड खुपसलं आणि कप वडिलांच्या नाकातोंडावर दाबून धरला. "आप्पा, ओढा. ओढा ना!" ती रडत म्हणाली. कितीदा पंप दाबला, तिचं तिलाच कळलं नाही. हळूहळू छातीतली शिट्टी मंदावली.

जीप आली तेव्हा चांगदेवांच्या तोंडून शब्द फुटत होता. घासल्यानं करंट कसा चढतो ते हर्षालीनं सांगितलं, तशा साळुबाई त्यांच्याशेजारी बसल्या, दोन्ही हात मांडीखाली दाबून.

"म्हंजे रोज मीच त्यांचं औषध वाया घालवत व्हते?"

"तुला काय ठावं, आई?"

वाटेत चांगदेवांना खोकल्याची उबळ आली. साळुबाईंचा हात सवयीनं त्यांच्या पाठीकडं गेला आणि मधेच थांबला. त्यांनी लेकीकडं पाहिलं.

"हर्षाली, पाठीवरनं हात फिरवू का गं? काय व्हणार न्हाई ना त्यांना?"